न मांडलेला पूर्वपक्ष

गुरुजी,

परवा माझ्या जुन्या विभागातून एक खोके घरी आले. कॉलेजातली रसायनशास्त्राची जुनी इमारत पाडायची आहे, कपाटे रिकामी करायला हवीत, आणि निवृत्त झालेल्यांचे कागद रद्दीत घालण्याआधी त्यांना विचारावे एवढा सभ्यपणा तिथे अजून शिल्लक आहे. खोक्यात जुन्या प्रश्नपत्रिका होत्या, एक लाकडी मोजपट्टी, वाळवीने कडेने खाल्लेली वही, आणि संगणकावर छापलेल्या, दोन्ही कडांना भोके असलेल्या लांबलचक कागदाची एक घडी. ती मी उलगडून वाचली, पुन्हा वाचली, आणि मग तिथेच जमिनीवर बसले. स्वयंपाकघरातला नळ मी उघडा टाकून आले होते, तो वाहत राहिला. शेजारच्या बाईंनी दार वाजवले. "अहो बाई, पाणी जातंय केव्हाचं. बऱ्या आहात ना?" मी हो म्हणाले. तेही खरे नव्हते.

कागदावर काय आहे ते आधीच सांगते. मुद्दा शेवटपर्यंत राखून ठेवणे तुम्हाला खपत नसे. त्र्याण्णवच्या दिवाळीत मी तुम्हाला नारिंगी कॅप्सूलची एक बाटली आणून दिली आणि त्या कॅप्सूल विडीच्या धुरापासून तुमच्या फुप्फुसांचे रक्षण करतील, हे पाच वाक्यांत सिद्ध करून दाखवले. तुम्ही त्या दीड वर्ष घेतल्यात. फुप्फुसाच्या कर्करोगाने तुम्ही गेलात. त्यानंतर काही महिन्यांनी मला कळले, की धूम्रपान करणाऱ्यांना तेच द्रव्य मोठ्या मात्रेत दिले तर तो रोग कमी होत नाही, उलट वाढतो. तेव्हापासून आजवर मी स्वतःला एकच वाक्य ऐकवत आले आहे: मला ते आधी कळणे शक्य नव्हते. परवा सापडलेल्या कागदावर नेमके तेच मी स्वतः गणित करून काढलेले आहे. तारीख त्या दिवाळीच्या सात आठवडे आधीची आहे. समासातले अक्षर माझे आहे. मला हा कागद आठवत नव्हता.

तुमच्या स्वयंपाकघरात मी प्रथम आले तेव्हा अकरा वर्षांची होते. पंचवटीतल्या त्या पाठशाळेच्या पुढच्या खोलीत मुलांचा वर्ग भरे. तिथे मुलीला बसवणे मंडळींना चालले नसते, आणि माझ्या वडिलांनी तर तुमच्याकडे शब्द टाकलेला. तुम्ही मला मागच्या दाराने आत घेतलेत आणि काकूंच्या चुलीशेजारी पाट मांडलात. न्यायशास्त्र मी फोडणीच्या वासात शिकले. अनुमानाचे पहिले उदाहरण सगळ्यांना डोंगरावरच्या धुराचे देतात. मला तुम्ही ते समोरच्या चुलीचे दिलेत. "धूर आहे तिथे अग्नी असतो. मान्य?" मान्य. "मग अग्नी आहे तिथे धूर असतो, हेही मान्य?" मी हो म्हणून बसते. तुम्ही चिमट्याने एक लालबुंद निखारा उचलून माझ्या नाकासमोर धरता. त्याला धूर नाही. तेवढ्यात काकू भिजलेले लाकूड चुलीत सारतात आणि खोली धुराने भरून जाते. "बघ," तुमच्या डोळ्यांतून पाणी वाहते आहे आणि तुम्ही हसता आहात, "नुसता अग्नी पुरत नाही. लाकूड ओलं लागतं. ही मधली न बोललेली अट, तिला उपाधी म्हणतात. अनुमान फसतं ते तिथे." आणि त्याच निखाऱ्यावर तुम्ही विडी पेटवता. काकू पदराने डोळे पुसत म्हणतात, "शिकवून झालं असेल तर ते प्रात्यक्षिक घेऊन अंगणात जा."

तुमच्याकडचे दोन नियम मी पुढे कुठल्याच विद्यापीठात पाहिले नाहीत. पहिला असा, की आपले म्हणणे मांडण्याआधी विरोधकाचे म्हणणे मांडायचे, आणि ते असे, की त्याने ऐकून 'होय, हेच माझे' म्हणावे. एकदा मी ग्रहणातले अन्न टाकून देण्याविरुद्ध वाद केला. पूर्वपक्ष म्हणून घाईघाईने सांगितले, "काकूंचं म्हणणं, ग्रहणात अन्नात विष उतरतं." तुम्ही मला थांबवून काकूंकडे पाठवलेत, विचारून ये म्हणालात. काकू कणीक मळत होत्या. "मी कधी म्हटलं गं विष? मी म्हटलं, माझ्या सासूबाई टाकत, म्हणून मी टाकते. विष उतरतं का ते सासूबाईंना विचार, जा वर." तुम्ही पोट धरून हसलात, आणि हसणे संपल्यावर मला पाटावरून उठवून उंबरठ्याशी बसवलेत. तेव्हा जे म्हणालात ते मला शब्दशः पाठ आहे: "पूर्वपक्ष दुबळा मांडलास, तर समोरचा निदान उठून म्हणू शकतो, हे माझं नव्हे. पण लपवलास तर तू त्याला वादातूनच घालवलंस. मग जिंकलीस कुणाशी?" त्या सकाळचा उंबरठ्याचा गारवा मला आजही आठवतो, आणि हा कागद मात्र आठवत नव्हता, याचा अर्थ काय ते मी दोन दिवस शोधते आहे.

दुसरा नियम तुमच्या स्वतःवर होता. ज्याला समोरच्याच्या हेतूत, म्हणजे त्याने दिलेल्या कारणात, दोष दाखवता येत नाही त्याने निष्कर्ष नुसता मान्य करायचा नाही, त्याप्रमाणे वागायचे. तेरा वर्षांची असताना मी सिद्ध केले, की घरात ज्याला सर्वांआधी आंघोळ हवी असते, सकाळचे पाणी त्यानेच भरायला हवे. तुम्ही बराच वेळ डोके खाजवलेत, दोष सापडेना, आणि दुसऱ्या दिवसापासून बादल्या तुमच्या हातात आल्या. मी शिकायला पुण्याला गेले तेव्हाही पाणी तुम्हीच भरत होतात. काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "आमच्याकडे ह्या पोरीनं कायदा पास केलाय." तुम्ही मला तार्किकबाई म्हणू लागलात ते तेव्हापासून.

मी रसायनशास्त्राकडे वळले याचे तुम्हाला वाईट वाटले नाही. तुम्ही एवढेच विचारलेत, की तिथे हेतू कशाला म्हणतात. मी सांगितले, ऊर्जेला. उतारावरून पाणी खाली येते तसे रेणू कमी ऊर्जेकडे जातात. किती उतार आहे ते मोजता आले की काय घडेल ते सांगता येते. नव्वदच्या सुमारास आमच्या विभागात एक संगणक आला. त्याच्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागत, खोलीला पडदे होते, आणि तो थंड राहावा म्हणून गावातल्या बहुतेक घरांत नसलेले यंत्र त्याच्या डोक्यावर बसवले होते. पुण्याहून फ्लॉपींवर आणलेली एक गणनापद्धत मी त्यात घातली. ती पूर्ण सिद्धांताने चालत नसे. अवघड जागी प्रयोगातून घेतलेले ठोकताळे वापरी, म्हणून आमच्या दुबळ्या यंत्रालाही झेपे. एका रेणूला दीड दिवस लागे आणि मध्ये वीज गेली की सगळे पहिल्यापासून. कळवणकडचे आमचे प्रयोगशाळेतले सहायक दारात उभे राहून म्हणत, "म्याडम, लाईट जायची वेळ झाली. तुमचा देव झाकून ठेवा ना आता." मी म्हणे, अजून चार तास. ते म्हणत, "लय हट्टी हाय तुमचा देव."

त्या यंत्रावर मी जे पाहत होते ते तुम्हाला तेव्हाच समजावले होते, पण पुन्हा लिहिते, कारण चूक कुठे आहे ते त्याशिवाय दिसणार नाही. शरीरात श्वासोच्छ्वास चालू असताना काही रेणू असे तयार होतात, की त्यांच्यातला एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना उरतो. असा मुक्तमूलक शेजारच्या रेणूवर तुटून पडतो, त्यातून दुसरा मुक्तमूलक जन्मतो, आणि पेटलेल्या माळेसारखी साखळी पुढे जाते. विडीच्या धुरातून ते अमाप आत येतात. जे द्रव्य मध्ये पडून ही साखळी तोडते त्याला अँटिऑक्सिडंट म्हणतात. गाजराला आणि पपईला रंग देणारे बीटा कॅरोटिन असे समजले जात होते, आणि मला ते आकड्यात पाहायचे होते: मुक्तमूलक त्याला चिकटला तर ऊर्जा किती उतरते? अख्खा रेणू यंत्राला पेलत नव्हता, म्हणून त्याची दोन्ही टोके मी कापली. पडद्यावर तो एकटा होता. भोवती रक्त नव्हते, चरबी नव्हती, हवा नव्हती. उत्तर आले. ऊर्जा चांगलीच उतरत होती. मुक्तमूलक कॅरोटिनच्या लांब साखळीवर पसरून निवांत होत होता. इतका स्वच्छ आकडा मला आयुष्यात फार वेळा मिळालेला नाही.

आणि त्याच सुमारास तुमचा खोकला वाढला. डॉक्टरांनी विडी बंद करायला सांगितली. काकूंनी दिवसाच्या बंडलावरून तुम्हाला दोन विड्यांवर आणले होते. उरलेल्या त्या तांदळाच्या डब्यात लपवत, आणि तुम्हाला ते ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक होते. त्या दोन विड्याही पाडव्यापासून बंद करायचे तुम्ही कबूल केले होते. यंदाची ओवाळणी हीच, असे ठरले होते. हे मला माहीत होते, गुरुजी. काकूंनी आठ दिवस आधी मला हातातले काम टाकून सांगितले होते, आणि सांगताना त्यांचा चेहरा कसा दिसत होता तेही मला दिसते आहे.

पाडव्याची सकाळ. मी गंगेवरून, गोदावरीच्या घाटाने, चालत येते आहे, पिशवीत औषधाच्या दुकानांत नुकतीच येऊ लागलेली बीटा कॅरोटिनची ती बाटली. काकू तुम्हाला ओवाळून ताम्हन खाली ठेवतात तोच मी पोहोचते. मी बाटली पाटाशेजारी ठेवते आणि तुमच्या हातात चिठ्ठी देते. तिच्यावर तुमच्याच पद्धतीने पाच वाक्ये आहेत: गुरुजींच्या फुप्फुसांना धुराची इजा होणार नाही, कारण त्यांच्या रक्तात हे द्रव्य पुरेसे असेल, जिथे हे द्रव्य असते तिथे मुक्तमूलक निवांत होतो, जसा माझ्या गणितात झाला, गुरुजींचे तसेच आहे, म्हणून त्यांना इजा होणार नाही. तुम्ही चष्मा लावून दोनदा वाचता.

"दृष्टान्त तुझ्या यंत्रातला आहे."

"हो."

"आणि फुप्फुसं माझी आहेत."

"रेणू तेच आहेत, गुरुजी. रेणूला कळत नाही तो कुठे आहे ते."

"हं." तुम्ही चिठ्ठीची घडी घालता. मग चष्मा काढून विचारता, "पूर्वपक्ष?"

"पूर्वपक्ष नाही."

"नाहीच?"

"नाही, गुरुजी."

काकू तूप आणायला उठतात, कारण ही कॅप्सूल तुपातेलाबरोबर घेतली तरच अंगी लागते असे मी येताक्षणी सांगितले आहे. तुम्ही तुपाच्या चमच्यात ती नारिंगी गोळी ठेवून गिळता आणि म्हणता, "हेतूत दोष दिसत नाही. मान्य." मग काकूंकडे वळून, "आता तो डबा काढ."

"कसला डबा?"

"तांदळाचा. तार्किकबाईंनी इजा नाही असं सिद्ध केलंय. इजा नाही तर विडी सोडायला कारण काय उरलं?"

"म्हणजे माझी ओवाळणी?" काकूंच्या हातात तुपाची वाटी तशीच आहे.

"अगं, ओवाळणी म्हणजे माझं आयुष्यच ना? ते हिनं बाटलीत भरून आणलंय."

आपण दोघे हसलो. मी हसले, हे मी दोन दिवस पुन्हा पुन्हा स्वतःला सांगते आहे. काकू हसल्या नाहीत. त्यांनी डबा काढला, बंडल पाटावर ठेवले आणि तांदूळ निवडायला बसल्या. ते तांदूळ त्यांनी आदल्याच दिवशी निवडून ठेवले होते.

तीन-चार महिन्यांत तुमचे तळहात पिवळे दिसू लागले. काकूंना कावीळ वाटली. मी आनंदाने समजावून सांगितले, की हा कॅरोटिनचा रंग आहे, ते त्वचेत साठते, डोळे पांढरे आहेत तेव्हा काळजी नको. उलट द्रव्य शरीरात पोहोचल्याचा हा पुरावा आहे. तुम्ही तळहात उन्हात धरून म्हणालात, "प्रत्यक्ष प्रमाण!" पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात तुमचे वजन उतरू लागले. फोटोत डाव्या फुप्फुसावर जे दिसले त्याला डॉक्टरांनी फार नावे दिली नाहीत, एकच शब्द वापरला. दवाखान्यात तुमच्या उशाशी ती बाटली होती आणि तुम्ही नर्सबाईंकडे तूप मागत होतात. पावसाळा लागता लागता सगळे संपले. तुम्हाला खाली घेतले तेव्हा चेहऱ्याचा रंग गेला होता, पण तळहातांचा गेला नव्हता. कुणीतरी हळू आवाजात म्हणाले, "हळद लावलीय का हाताला?" मी तिथे उभी होते.

ती बातमी मी पुण्याच्या ग्रंथालयात वाचली. परदेशात हजारो धूम्रपान करणाऱ्यांना वर्षानुवर्षे हे द्रव्य देऊन पाहिले होते, आणि ज्यांना ते दिले त्यांच्यात रोग अधिक निघाला होता. मी अंक मिटला, जागेवर नेऊन ठेवला, सही केली आणि संध्याकाळच्या गाडीने नाशिकला आले. मी शिकवलेली बाई आहे. मी लगेच पूर्वपक्ष-उत्तरपक्ष मांडू लागले. समूहात प्रमाण वाढले म्हणून एका माणसाबद्दल काही सिद्ध होत नाही. चाळीस वर्षे विडी ओढलेल्या माणसाला हा रोग कॅप्सूलशिवायही होतो. दीड वर्ष हा काळ थोडा आहे. हे सगळे मुद्दे आजही बिनतोड आहेत. तुम्हालाही त्यांत दोष काढता आला नसता. आणि शेवटचा, ज्यावर बाकीचे उभे होते: त्या वेळी जगात सगळे हेच मानत होते, मला कळणे शक्य नव्हते. वीस वर्षे मी त्यावर पाठ टेकून बसले.

आता हा कागद. घडीत आधी ते पहिले गणित आहे, आणि त्यानंतर मी दुसरे केले होते. कॅरोटिनला मुक्तमूलक चिकटून जो नवा रेणू झाला, त्याच्या शेजारी मी ऑक्सिजनचा एक रेणू ठेवला. का ठेवला ते कागदावर लिहिलेले नाही, पण मला माझी सवय ठाऊक आहे, तुम्हीच लावलेली. निखारा उचलून पाहावा तसे ते होते. उत्तर असे, की ऑक्सिजन त्याला चिकटतो, तेव्हाही ऊर्जा उतरते, आणि जे तयार होते ते निवांत नसते. तो पुन्हा मुक्तमूलकच, साखळी पुढे नेणारा. म्हणजे ऑक्सिजन कमी असेल तिथे कॅरोटिन माळ विझवते आणि भरपूर असेल तिथे स्वतःच पेट घेते. शरीरात ऑक्सिजन सर्वांत जास्त कुठे असतो हे शाळेतले मूलही सांगेल. ओल्या लाकडाची ती अट, गुरुजी, अशी समोर येऊन बसली होती. आणि समासात माझ्या अक्षरात, सरळ रेषेत, शांतपणे लिहिलेले: 'ऑक्सिजनच्या बाबतीत ही पद्धत भरवशाची नाही. सोडून द्यावे.'

हा आक्षेप खोटा नाही. ती पद्धत ऑक्सिजनशी खरोखरच अडखळे. पण पहिल्या गणितातल्या मुक्तमूलकातही ऑक्सिजनचे दोन अणू होते, आणि तिथला आकडा मला भरवशाचा वाटला होता. परवा जमिनीवर बसून मी ही दोन पाने शेजारी शेजारी ठेवली, तेव्हा जे वाटले त्याला मला नाव सापडत नाही. आपल्याच घरात आपल्या ओळखीचा माणूस कपाटामागून बाहेर यावा, आणि त्याने आपल्याकडे पाहून ओळख द्यावी, तसे काहीसे.

काल मी काकूंना सांगायला गेले. त्या आता इंदिरानगरला लेकीकडे असतात; ऐकू कमी येते, बाकी सगळे जागेवर आहे. मी घडी पुढे ठेवली. त्यांनी कडेच्या भोकांवरून बोट फिरवले. "हे काय गं, रांगोळीचा कागद आणलास?"

"नाही काकू. गुरुजींच्या त्या गोळ्या होत्या ना, त्यांचं आहे."

"गोळ्या! हात पिवळे करून बसले होते." त्या हसल्या, मग हसायचे थांबल्या. "खोकला वाढला ना, तेव्हा मी म्हटलं, बंद करा त्या गोळ्या आणि ती विडी. तर म्हणतात कसे, अगं, मी तिला दोनदा विचारलं. ती नाही म्हणाली. तिचं रसायन तपासायला मला कुठं येतंय? मी तिचा शब्द घेतलाय."

"शब्द घेतलाय, असं म्हणाले?"

"अस्संच. म्हणाले, ती खोटं बोलत नाही." काकूंनी कागदाची घडी जशी होती तशी घालून माझ्या हातात दिली. "चहा टाकते. साखर चालते ना अजून तुला?"

मी साखर चालते म्हणाले. चहा प्यायले. कागद पिशवीत ठेवला आणि रिक्षाने घरी आले. त्यांना सांगितले नाही.

मी इतकी वर्षे समजत होते, की तुम्ही माझे अनुमान तपासलेत, दोष सापडला नाही, म्हणून नियमाप्रमाणे वागलात. म्हणजे जबाबदारी निम्मी तुमची, असे मी कधी उच्चारले नाही, पण हिशेबात धरले होते. ते तसे नव्हते. हेतू तुम्हाला तपासता येत नाही हे तुम्ही ओळखलेत, आणि दुसऱ्या प्रमाणावर गेलात: विश्वासू माणसाचा शब्द. तो कधी प्रमाण मानायचा हेही तुम्हीच शिकवले होते. बोलणाऱ्याला वस्तू ठाऊक हवी आणि ती आहे तशी सांगायची इच्छा हवी. पहिली अट मी पुरी करत होते.

हे पत्र मी त्याच कागदाच्या कोऱ्या बाजूला लिहिले आहे, तो संपत आला. ते जाणार कुठे? खोक्यात होते तिथेच ते परत जाईल. पण पहिल्या पानावर मी एक वाक्य लिहिले आहे, की मला हा कागद आठवत नव्हता. ते परवापुरते खरे आहे. पाडव्याच्या सकाळपुरते नाही. तुम्ही चष्मा काढून दुसऱ्यांदा विचारलेत, "नाहीच?", तेव्हा मला तो आठवला होता. आकड्यासकट. बादल्यांच्या त्या कायद्यानंतर तीस वर्षांत पहिल्यांदाच तुम्हाला माझ्या म्हणण्यात दोष सापडत नव्हता, आणि काकू तूप आणायला निघाल्या होत्या.